मे महिन्याचे उलटे वेळापत्रक

ट्रेल रनिंग आणि ट्रायथलॉनची बहुतेक पुस्तके थंड मुलुखात लिहिली गेली आहेत. त्यांचे वर्ष नोव्हेंबरात सुरू होते. बाहेर बर्फ पडतो, म्हणून खेळाडू घरात ट्रेनरवर सायकल चालवतो, व्यायामशाळेत वजने उचलतो, छताखालच्या तलावात हात सुधारतो. वसंतात तो बाहेर पडतो आणि जून ते ऑगस्ट, रात्री नऊपर्यंत उजेड असताना, डोंगरात आणि तळ्यांत त्याचा खरा हंगाम रंगतो. उन्हाळा हा तिथे ऐन भराचा काळ. हेच वेळापत्रक अकोल्यातला एखादा तरुण मोबाइलवर उतरवून घेतो आणि मे महिन्याच्या रविवारी त्यात लिहिलेली तीन तासांची धाव काढायला सकाळी आठला निघतो. साडेनऊला तो कुठल्यातरी लिंबाच्या सावलीत बसलेला असतो. डोके ठणकत असते, आणि आपल्यातच दम नाही अशी त्याची खात्री पटलेली असते.

दम त्याच्यात असतो. चुकलेले असते पंचांग. अमरावती-अकोल्यात घराबाहेरचा खेळ बंद पाडणारा ऋतू उन्हाळा आहे. म्हणून वऱ्हाडातल्या धावपटूने मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा हे दिवस त्या पुस्तकांतल्या डिसेंबर-जानेवारीसारखे वापरावेत. पाया घालावा, जुनी दुखणी बरी करावीत, पोहणे शिकावे, मांड्या आणि पाठ मजबूत करावी. लांब पल्ल्याची धाव पावसाळ्यासाठी राखावी आणि वेगाचे काम दसरा-दिवाळीच्या आगेमागे करावे. ही पुस्तिका या एका उलटापालटीवर उभी आहे. पुढच्या प्रकरणांत आठवड्यांचे तक्ते, खाण्याची यादी, व्यायामांच्या आकृत्या आहेत. प्रस्तावनेत मला त्यामागची कारणे सांगायची आहेत, कारण कारण कळले नाही तर तक्ता पहिल्याच लग्नसराईत मोडतो.

आपल्याकडे उन्हाबद्दल दोन टोकाची माणसे भेटतात. एक म्हणतो, होळी झाली की बूट माळ्यावर टाकायचे आणि पहिल्या पावसाला काढायचे. दुसरा भर दुपारी एक वाजता पळून घड्याळाचा फोटो मित्रांना पाठवतो. पहिल्याचे चार महिने वाया जातात. दुसऱ्याचे नशीब चांगले असेल तर त्याला काही होत नाही, आणि त्याला तो स्वतःचा पराक्रम समजतो. मला दुसऱ्याचीच काळजी जास्त वाटते, कारण त्याला टाळ्या मिळतात. वऱ्हाडातल्या पांदणीवर पळणाऱ्याला बंडीवरचा म्हातारा विचारतो, ‘‘कायले पयून राहिला बे? मांगं कोनी लागलं काय?’’ प्रश्न थट्टेचा असला तरी भर उन्हात पळणाऱ्याने त्याचे उत्तर खरेच शोधावे.

शरीर कमावण्याची हौस इथे नवी नाही. वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, 1914 साली अमरावतीत जे काम सुरू केले त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके तिथे करून दाखवली, आणि 1949 मध्ये मंडळाचे पथक स्वीडनच्या लिंगियाडलाही गेले. उन्हाळ्याच्या सुटीत देशभरातून व्यायामशिक्षक मंडळाच्या वर्गांना येत, ही गोष्ट मला आमच्या विषयासाठी विशेष बोलकी वाटते. ज्या गावात मे महिन्यात कुत्रे सावली सोडत नाही, त्या गावाने आपले शिबिर उन्हाळ्यातच भरवले. मात्र ते भरायचे पहाटे आणि संध्याकाळी. लाल मातीचा आखाडा छपराखाली, मल्लखांब अंगणात, दुपार पाठांतराला आणि झोपेला. उन्हाळ्यात ताकद, चपळाई आणि तंत्र यांवर काम करायचे, ही उलटापालट अमरावतीने शंभर वर्षांपूर्वीच केली होती. आपण ती फक्त विसरलो.

पल्ल्याची परंपरा मात्र आखाड्यात नव्हती, ती वाटेवर होती. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. सातशेहून अधिक किलोमीटरची ही चाल. तिथी जशी येईल तशी ती मे अखेर किंवा जूनमध्ये निघते, आणि काही वर्षी तर ऐन नवतपात. नागझरी, पारस, गायगाव करत ती अकोल्यात येते तेव्हा डांबर मऊ झालेले असते. सगळे वारकरी काही तरुण नसतात. तरी ते रोज चालतात, महिनाभर चालतात. त्यांचा दिवस पाहिला की त्यामागचे शास्त्र दिसते. अंधार असतानाच चाल सुरू होते. ऊन चढायच्या आत मोठा टप्पा उरकलेला असतो. दुपारी सावली, जेवण, भजन. उन्हे कलल्यावर पुन्हा चाल. गावोगावी पाणी, ताक, सरबत. सगळ्यांचा वेग एकच, आणि तो टाळाच्या ठेक्याने बांधलेला, त्यामुळे कोणी उत्साहाच्या भरात पुढे धावत नाही. अल्ट्रा धावपटूंना पैसे देऊन शिकावा लागणारा संयम इथे ठेक्यातच आहे.

मेळघाटातले कोरकू कुटुंब तेंदूपत्त्याच्या हंगामात, म्हणजे ऐन मे महिन्यात, दिवस उजाडायच्या आत रानात असते. पाने तोडून, डोक्यावर गाठोडे घेऊन, डोंगर उतरून ते सकाळीच घरी येते. उरलेला दिवस ओट्यावर सावलीत बसून पुडे बांधण्यात जातो. तेही ट्रेलच आहे, फक्त त्याला पदक नाही. हे लोक उन्हात जातात ते पोटासाठी, आणि तरीही जमेल तेवढे ऊन टाळतात. आपण हौसेने जातो. हौशी माणसाने मजुरापेक्षा जास्त ऊन अंगावर घ्यावे यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

तेव्हा पहिला नियम वेळेचा. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, आणि दिवसातली सर्वांत गार हवा त्याच्या अगदी आधी असते. गार म्हणजे तरी काय, अकोल्यात कित्येक पहाटे पारा 28 च्या खाली येत नाही. तरीही साडेचार ते सात हे अडीच तास सोन्याचे आहेत. सातनंतर ऊन तिरके असूनही चटका देते, आणि साडेआठला खेळ संपलेला बरा. त्यासाठी रात्री नऊला झोपावे लागते. उन्हाळ्यात, लग्नाच्या वराती दहाला निघत असताना, हे सांगणे सोपे आहे. या पुस्तिकेतला सर्वांत अवघड व्यायाम तोच आहे.

आता उष्णतेचे गणित. धावताना आपण जी ऊर्जा जाळतो तिचा सुमारे पाव भागच पायांच्या कामी येतो, उरलेली उष्णता होते. साठ किलोचा माणूस तासाला दहा किलोमीटर धावला तर तासाभरात साधारण 600 किलोकॅलरी जाळतो, म्हणजे साडेचारशेच्या आसपास उष्णता शरीराबाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हिशेब जुळतो, पण ‘वाळला तर’ ही अट आहे. खिडकीतला कुलर आठवा. अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात, ओल्या ताट्यांतून हवा आली की खोली गार होते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कुलर, तेच पाणी, तोच पंखा, आणि खोलीत चिकट वारा. शरीराचेही असेच आहे. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, म्हणून आपण गार राहतो. दमट हवेत तो टपटप गळतो, आणि गळलेला घाम काहीही गार करत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. वऱ्हाडात घाम दिसत नाही. मुंबईचा धावपटू ओलाचिंब होतो, अमरावतीचा कोरडा राहतो आणि समजतो की आपल्याला फारसा घाम आला नाही. बनियनवर उमटलेली मिठाची पांढरी नक्षी त्याला खरे काय ते सांगत असते. दुसरी गोष्ट, हवा 35 अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम होते. मग वारा गार करण्याऐवजी अंग तापवतो, आणि वरून ऊन, खालून डांबर. तेव्हा घाम हा एकच मार्ग उरतो. म्हणूनच आपल्याकडे दुपारी बाहेर पडणारा माणूस डोक्या-कानांना दुपट्टा गुंडाळतो. थंड देशातून आलेल्या सल्ल्यात उन्हाळ्यात कमीत कमी कपडे घाला असे असते. ते सावलीत खरे आहे, आपल्या उन्हात नाही. पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती किंवा जाळीदार सदरा आणि ओला रुमाल आपल्याला जास्त उपयोगी.

मग ऊन अजिबात घ्यायचेच नाही का? घ्यायचे, पण औषधासारखे, मात्रेत. माणसाचे शरीर उष्णतेला सरावते ही गोष्ट खेळाडूंच्या आधी खाणमालकांना कळली. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खोल खाणींत उष्माघाताने मजूर मरू लागले, तेव्हा 1930 च्या दशकापासून तिथे नव्या मजुरांना खाली पाठवण्याआधी तापलेल्या खोल्यांत काही दिवस वाढते काम देऊन सरावायची पद्धत रुजली. ती करुणेतून आली नव्हती, उत्पादनाच्या हिशेबातून आली होती. पण शरीराबद्दल जे कळले ते खरे होते. दहा ते चौदा दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते, आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. 2010 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी सरावलेल्या सायकलपटूंना दहा दिवस 40 अंशांच्या खोलीत हलका व्यायाम करायला लावला. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता उष्ण हवेत तर वाढलीच, पण गार हवेतही सुमारे 5 टक्क्यांनी वाढली. तिकडच्या खेळाडूंना त्यासाठी खोली तापवावी लागते. आपल्याकडे संध्याकाळी सहाला दार उघडले की झाले.

संध्याकाळी सहाच म्हणतो आहे, दुपारी दोन नव्हे. मे महिन्यात अकोल्यात सहा-साडेसहाला हवा अडतीस-चाळीसच्या घरात असते, पण सूर्य उतरलेला असतो. डोक्यावरचे ऊन गेले की उरलेली उष्णता सरावाला पुरेशी आणि धोक्याला कमी. अर्ध्या तासापासून सुरुवात करावी, तासापर्यंत जावे, आणि तेही भरभर चालणे किंवा निवांत सायकल इतकेच. दहा-बारा दिवस लागोपाठ. त्या दिवसांत वेगाचे काम नाही.

पण या सरावाची एक खोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो टिकत नाही. ऊन थांबले की दोन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. म्हणजे मे महिन्यात उन्हात भाजून घेतलेल्याला ऑक्टोबरमधल्या गोव्याच्या ट्रायथलॉनमध्ये त्याचा काडीचाही उपयोग नाही. दक्षिण आफ्रिकेची कॉम्रेड्स मॅरेथॉन, जी पीटरमारिट्झबर्ग आणि डर्बन यांच्यामध्ये जवळजवळ नव्वद किलोमीटर धावली जाते आणि जिला दर वर्षी शेकडो भारतीय जातात, ती अलीकडे बहुधा जूनमध्ये होते. तिच्यासाठी एप्रिल-मेचे कष्ट टळत नाहीत. बाकी सगळ्यांनी उन्हाची मात्रा शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवावी. आपल्या सुदैवाने दसऱ्यानंतर ऑक्टोबरचे ऊन तेवढ्यासाठी परत येतेच.

उन्हाळ्यात धावताना किलोमीटरमागची मिनिटे बघू नयेत. मार्चच्या सुरुवातीला साडेसहा मिनिटांत किलोमीटर काढणारा मेमध्ये सात-सव्वासातला येतो, आणि त्याचे हृदय तरीही दहा-पंधरा ठोके जास्त घेत असते. कारण रक्ताला आता दोन कामे आहेत, स्नायूंना ऑक्सिजन द्यायचा आणि त्वचेपर्यंत उष्णता वाहून न्यायची. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग बरोबर. येत नसेल तर चाला. एवढी मोजपट्टी पुरे, आणि तिला चार्जिंगही लागत नाही.

पाण्याबद्दल आपल्याकडे भक्तिभावाने चुकीचे सांगितले जाते. ‘‘पानी पित राहा’’ हा सल्ला लहान धावेसाठी ठीक आहे. चार-पाच तासांच्या शर्यतीत नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम पातळ होते, आणि तेही जीवघेणे ठरू शकते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा त्यांतल्या 13 टक्के लोकांचे सोडियम सामान्य पातळीखाली निघाले. तेव्हा अंदाज नको, वजनकाटा घ्या. धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. तासाभरात एक किलो घटले आणि मध्ये काही प्यायला नसाल तर एक लिटर घाम गेला. दोन-चार वेळा मोजले की तुमचा स्वतःचा आकडा कळतो, आणि तो शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वेगळा निघू शकतो.

मिठासाठी महागड्या गोळ्या लागत नाहीत. ओआरएसचे जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र दर लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असे आहे, आणि ते कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते. दिलीप महालनोबिस या डॉक्टरांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत अशाच द्रावणाने असंख्य जीव वाचवले. तेच द्रावण आज सायकलच्या बाटलीत जाते. घरचे कैरीचे पन्हे, मीठ-जिरे घातलेले ताक, ज्वारीचे आंबील हे धावल्यानंतरचे उत्तम. उसाच्या रसात साखर भरपूर आणि मीठ जवळजवळ नाही, म्हणून रसवंतीवाल्याला लिंबासोबत चिमूटभर मीठही टाकायला सांगावे.

आणि खारपाणपट्ट्यातल्या मित्रांसाठी एक वेगळी ओळ. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या मोठ्या पट्ट्यात, भूजलच खारे आहे. दर्यापूरकडचा एखादा गमतीने म्हणतो की आमच्या विहिरीत फुकट इलेक्ट्रोलाइट आहे. गंमत म्हणून ठीक. त्या पाण्यातले क्षार आणि त्यांचे प्रमाण शरीराला हवे तसे नाही, आणि त्या भागातल्या मूत्रपिंडाच्या तक्रारी जुन्या आहेत. घामाने आटलेल्या शरीराला तर ते अजिबात देऊ नये. लांबच्या धावेला निघताना पाणी घरून न्यावे.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल आणि धाव लागोपाठ. 1978 मध्ये हवाई बेटांवर पंधरा जणांनी पहिली आयर्नमॅन सुरू केली आणि बारा जणांनी पुरी केली. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्याचे छोटे रूप आले: दीड किलोमीटर पोहणे, 40 सायकल, 10 धाव. गोव्यात 2019 च्या ऑक्टोबरात मिरामारला भारतातली पहिली अर्धी आयर्नमॅन झाली तेव्हापासून महाराष्ट्रात या खेळाचे वेड वाढले. तिथे 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धाव. समुद्रापासून इतक्या लांबच्या वऱ्हाडी माणसाचे तिथे पहिले घोडे अडते ते पोहण्यात.

इथे विहिरीचा विषय काढलाच पाहिजे. मागच्या पिढीतली मुले पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकली. विहिरीत लांबी नसते, त्यामुळे हाताची लय आणि श्वासाचा मेळ तिथे जमत नाही. चार हात मारले की दगडी कडा. पण विहिरीने एक गोष्ट दिली जी शहरातला निळा तलाव देत नाही. खाली तळ दिसत नसताना, पाणी काळे असताना, न घाबरता तरंगत राहणे. मिरामारच्या गढूळ पाण्यात पहिल्या दोनशे मीटरांत हात वर करून होडीला बोलावणाऱ्यांतले पुष्कळ जण तलावात उत्तम पोहणारे असतात. त्यांना तळावरची काळी रेघ हवी असते. ज्याने लहानपणी विहिरीचे पाणी पाहिले आहे त्याची निम्मी परीक्षा पास झालेली असते, उरलेली निम्मी म्हणजे तंत्र, आणि ते तलावातच शिकावे लागते. उन्हाळा त्यासाठीच आहे. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तलाव आहे, अकोल्यातही सोय आहे. गर्दी असते, लहान मुलांची शिबिरे असतात, पण आठवड्याला तीनदा पहाटेची पहिली बॅच पकडली तर जूनपर्यंत हात बदलतो. काटेपूर्णा किंवा अप्पर वर्धेच्या धरणात मात्र परस्पर उतरू नका. दर उन्हाळ्यात धरणांत माणसे बुडतात आणि त्यांतली बरीच पोहता येणारी असतात.

सायकलबद्दल थोडक्यात. अमरावती ते अकोला हा रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता. 2022 च्या जूनमध्ये त्याच महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. जूनच्या त्या उकाड्यात रात्रंदिवस डांबर ओतणाऱ्या मजुरांच्या सहनशक्तीपुढे आपला खेळ फारच लहान आहे. रस्ता सायकलसाठी आता चांगला आहे, पण सावली नाही आणि ट्रक आहेत. त्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस घरात, कुलरसमोर, ट्रेनरवर काढावेत. विदर्भात लांब पल्ल्याची सायकल म्हटली की नागपूरचे डॉ. अमित समर्थ आठवतात. त्यांनी 2017 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पुरी केली. त्या शर्यतीत सुरुवातीलाच वाळवंट लागते.

आता डोंगर. ट्रेल म्हटले की पश्चिम महाराष्ट्राला सह्याद्री आठवतो. वऱ्हाडाला आधी काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला घोटा अडकेल अशा भेगा पडतात, नांगरलेल्या वावरात ढेकळे दगडासारखी होतात, आणि पावसाळ्यात तीच माती प्रत्येक बुटाला किलोभर चिकटते. घोटे मजबूत करायचे असतील तर यासारखी जमीन नाही, मात्र हळू. पांदण रस्ते आणि धुरे हे आपले खरे ट्रेल आहेत: गाडी नाही, बाभळीची थोडी सावली आहे, आणि लागलेच तर मळ्यात माणूस भेटतो. अंधारात डोक्याला टॉर्च बांधल्याशिवाय जाऊ नये, कारण उन्हाळ्यात सापही रात्रीच बाहेर पडतो.

अमरावतीहून पोहऱ्याचे जंगल जवळ, अकोल्याहून पातूरचे डोंगर. आणि उत्तरेला सातपुडा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट साधारण तीस किलोमीटरचा, आणि चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1,118 मीटरवर. अमरावतीपेक्षा ते पावणेआठशे मीटरने उंच, म्हणून हवा पाच-सात अंशांनी गार. मे महिन्यात लांब धाव हवीच असेल तर शनिवारी संध्याकाळी वर जाऊन मुक्काम करावा आणि रविवारी पहाटे डांबरी रस्त्यानेच देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगडाच्या बाजूला पळावे. ‘डांबरीनेच’ हे मुद्दाम लिहितो. मेळघाट हा 1973-74 मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या रानात पायी शिरणे बेकायदा आहे, आणि नरनाळ्यालाही वनखात्याच्या परवानगीनेच जायचे. कायदा बाजूला ठेवला तरी मोहफुलांच्या दिवसांत पहाटे मोहाखाली अस्वल असते, आणि ते वाघापेक्षा लवकर अंगावर येते. आमच्यातल्या काही उत्साही मंडळींनी रानवाटेने ‘शॉर्टकट’ मारल्याच्या कथा मी ऐकल्या आहेत. त्या या पुस्तिकेत नाहीत.

उष्माघाताचे प्रकरण आम्ही लाल कागदावर छापायला सांगितले आहे. दोन गोष्टी इथेच सांगतो. घाम थांबला म्हणजेच उष्माघात, ही समजूत धावपटूच्या बाबतीत खोटी आहे. श्रमाने झालेल्या उष्माघातात माणूस घामाने भिजलेलाही असू शकतो. खूण डोक्यात दिसते: तो असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो, आपण कुठे आहोत ते त्याला सांगता येत नाही. शरीराचे आतले तापमान 40 च्या वर गेलेले असते. अशा वेळी कांदा चोळत बसू नका आणि त्याला गाडीत घालून आधी तासाभराच्या प्रवासालाही नेऊ नका. दवाखान्याला फोन करा आणि त्याच जागी त्याला गार करा. गुरांच्या पाण्याचे टाके, मळ्यातला हौद, मोटारीचा पाइप, जे असेल त्यात डोके वर धरून मानेपर्यंत बुडवा किंवा सतत भिजवून वारा घाला. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर माणूस वाचतो. बेशुद्धाला पाणी पाजू नका. म्हणून उन्हाळ्यात एकट्याने लांब पळायचे नाही, आणि वाटेत पाण्याचे टाके कुठे आहे ते आधीच पाहून ठेवायचे.

सर्वांत फसवे दिवस मात्र मे महिन्यातले नाहीत. मृगाच्या आगेमागे दोन वळवाचे शिंतोडे पडतात, मातीचा वास सुटतो, आणि चार महिने दबलेला धावपटू उधळतो. पारा अजून चाळीसच्या जवळ असतो आणि हवा दमट झालेली असते, म्हणजे कुलरही निकामी आणि घामही निकामी. आमच्या तक्त्यात तो पंधरवडा म्हणूनच सर्वांत हलका आहे, आणि त्यावरून माझ्याशी सर्वांत जास्त भांडण झाले. तो बदलणार नाही. जुलैत पाऊस स्थिरावला की घाट तुमचाच आहे.

ही पुस्तिका मार्चमध्ये हाती आली असेल तर पहिल्या प्रकरणापासून वाचा. एप्रिलमध्ये आली असेल तर पोहण्यापासून. मे महिन्यात आली असेल तर आधी लाल कागद वाचा, आणि तुमच्यासोबत पळणाऱ्यालाही वाचायला द्या.